टोमॅटोला आलेले मोड

आधी माफी मागते. माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, कारण पाचवीची शाळा डोंगर उतरून होती आणि एसटीचा भरवसा नव्हता. ही वही लेकीची, तिची मागची पानं कोरी राहिली होती. कुणाला दाखवायला लिहीत नाही, तरी कुणाच्या हाताला लागलीच तर त्यानं चुका पोटात घालाव्यात. सरांच्या हाताला लागली तर ते मात्र लाल पेन काढतील, म्हणून जे शास्त्राचं आहे तेवढं जपून लिहिते.

सर म्हणजे बोरी बुद्रुकच्या आमच्या नर्सरीचे मालक. हायस्कूलात विज्ञान शिकवून रिटायर झाले आणि गावाबाहेरच्या आपल्या वावरात दोन शेडनेट उभी करून टोमॅटो, कोबी, मिरचीची रोपं विकायला लागले. कामाला आम्ही पाच-सहा बाया. ट्रेच्या कपांत नारळाच्या काथ्याचा भुसा भरायचा, एका कपात एक बी टाकायचं, पाणी द्यायचं. काम सोपं होतं. अवघड होते ते सर.

पहिल्याच दिवशी मी रोपांवर वाकून बघत होते, तर मागून आवाज आला, "सावली उचला!"

काही सांडलं असेल म्हणून मी खाली पाहिलं.

"सावली, बाई, सावली! तुमची सावली त्यांच्या ताटात पडलीये."

मी घाबरून चार पावलं सरकले. सावलीही सरकली आणि कोबीवर पडली.

"तिथूनही उचला!"

मग मंदाताईंनी मला दंडाला धरून बाजूला घेतलं. मंदाताई नर्सरीतल्या सगळ्यात जुन्या. "सकाळी पश्चिमंला उभं ऱ्हायाचं, दुपारी उत्तरंला," त्या म्हणाल्या. "पंधरा दिसांत अंगवळणी पडतंय. मी तर आता घरी बी नवऱ्याच्या ताटावर सावली पडू देत न्हाई."

गिऱ्हाइकांनाही सर सोडत नसत. एकदा एक चांगले जाडजूड पाहुणे गाडीतून उतरून थेट मिरचीपाशी जाऊन उभे राहिले. सर हात जोडून म्हणाले, "पावणं, तुमचं स्वागत आहे. पण तुमची सावली सात ट्रेचं जेवण अडवून उभी आहे." पाहुणे हसले. सर हसले नाहीत. पाहुण्यांना बाजूला व्हावं लागलं.

माणसाला ते गावाच्या नावानं हाक मारत. इतकी पोरं हाताखालून गेली की नावं लक्षात ठेवणं त्यांनी सोडून दिलं होतं. माझं माहेर तळेघर, म्हणून मी तळेघर. "तळेघर, पाणी बंद कर." "तळेघर, झारी कुठाय?" फक्त मंदाताईंना ते मंदाताई म्हणत. एक तर त्या बोरीच्याच, आणि दुसरं म्हणजे सरांना त्यांची थोडी भीती वाटायची.

आता माझ्या चुकीचं लिहिते, कारण पुढचं सगळं त्या चुकीमुळे घडलं.

थंडीचे दिवस होते. निरगुडसरच्या एका भाऊंनी टोमॅटोच्या रोपांची मोठी ऑर्डर दिली होती. बी टाकून झालं. बी टाकलेले ट्रे एकावर एक रचून थप्पी करतात आणि ऊब राहावी म्हणून ती काळ्या कागदानं झाकतात. सरांना डोळे दाखवायला पुण्याला लेकीकडे जायचं होतं. मंदाताई मुलीच्या बाळंतपणाला गेलेल्या. सर मला सांगून गेले, "तळेघर, कोंब दिसला की त्याच दिवशी थप्पी सोडायची. ट्रे उजेडात मांडायचे."

तिसऱ्या दिवशी मी कागदाचा कोपरा उचलला. कोंब दिसत होते, पण अगदी एवढेएवढेसे, नखाएवढे. मी विचार केला, मटकीला पहिल्या दिवशी एवढाच मोड येतो, तेव्हा कोण फडकं सोडतं? आणखी दोन दिवस बांधून ठेवली की मोड कसे लांबसडक येतात. माझ्या मटकीची माहेरी सगळे तारीफ करायचे. शिवाय भाताचं बी मोड आणायला आम्ही ओल्या पोत्यात दाबून ठेवतोच. बी-बियाण्यातलं मला कळतं, असा माझा समज होता. मी कागद नीट खोचला आणि थंडी फार म्हणून वरून दोन गोणपाटं टाकली.

सर परत आले त्या दिवशी मी स्वतः कागद काढून दाखवला. आत सगळं पांढरं. बोटाबोटाएवढे लांब दोरे, शेंड्याला पिवळी मिटलेली पानं, सगळे एकमेकांत गुंतलेले.

"सर, मोड बघा कसे आलेत!" मी म्हणाले. नर्सरीत आल्यापासून मी स्वतःहून बोललेलं ते पहिलं वाक्य.

सरांनी नवा चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "तळेघर, उसळ करायची होती का?"

ट्रे उजेडात मांडले, पण दोन दिवसांत सगळी रोपं आडवी झाली. निरगुडसरचे भाऊ पिकअप घेऊन आले तेव्हा सर म्हणाले, "चूक माझ्याकडून झाली." भाऊ लई बोलले. लागवड मागं पडली, बाजार हातचा गेला, मास्तरकी केलेल्या माणसानं धंद्यात पडू नये, असं सगळं बोलले. सरांनी मान खाली घालून ऐकलं. मी काथ्याच्या पोत्यांमागं बसले होते. पिकअप वळून रस्त्याला लागेपर्यंत बाहेर आले नाही. सरांनी त्यांना पुढं फुकट रोपं करून दिली. पण त्या पोत्यांमागच्या पंधरा मिनिटांचं ओझं माझ्या छातीवरून उतरेना.

बी, भुसा, मजुरी धरून नुकसान चार हजार आठशेचं होतं. ते माझ्या पगारातून कापा, हे एक वाक्य सरांना सांगायला मला दोन दिवस लागले, आणि ते मी भिंतीकडे तोंड करून सांगितलं.

दुसरा कुणी मालक 'जाऊ दे' म्हणाला असता, नाहीतर कामावरून काढून मोकळा झाला असता. सरांनी वही काढली. "आठवड्याला शंभर," ते म्हणाले. "दर शनिवारी, पगार झाला की. पण आणखी एक वाट आहे. शनिवारी मी तुला एक प्रश्न विचारीन. सगळ्यांसमोर, मोठ्यानं, बरोबर उत्तर दिलंस तर त्या आठवड्याचे शंभर माफ."

"आन् चुकली तर?" मंदाताईंनी विचारलं. त्या तोवर परत आल्या होत्या.

"तर शंभर भरायचे. गप्प बसली तरी शंभरच. म्हणजे बोलण्यात तोटा काही नाही."

सगळ्या बायांना हा सौदा फार स्वस्त वाटला. त्या मला ओळखत नव्हत्या. माझ्या लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना, शेवटी बहिणीनं माझ्या वतीनं घेतला, आणि नवरदेव नक्की कुणाचा यावर मांडवात थोडा वेळ घोटाळा झाला होता.

पहिला शनिवार. "तळेघर, पान हिरवं का दिसतं?"

मी पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिले.

"शंभर," सर म्हणाले आणि वहीत लिहिलं.

"आगं बोल की!" मंदाताई ओरडल्या. "लाखाचं त्वांड मिटून बसलीस, शंभराला तरी उघड!"

मला उत्तर माहीत नव्हतं असं नाही. सर आठवडाभर तेच तर बोलायचे. ट्रे भरता भरता, पाणी देता देता, समोर आम्ही असू नाहीतर नुसतीच कोबी असो. ते म्हणायचे, पानाला उन्हातला तांबडा आणि निळा रंग लागतो, हिरवा त्याला फारसा लागत नाही, तो पान परत करतं. आपल्याला दिसतं ते पानानं नको म्हटलेलं ऊन. मी हे मनात दहा वेळा म्हणून पाहिलं होतं. पण मनातून घशात येता येता ते कुठं जायचं, कळायचं नाही. एका शनिवारी मी धीर करून तोंड उघडलं तर उचकी लागली. "उचकी हे उत्तर नाही," सर म्हणाले आणि शंभर लिहिले.

घरी मात्र मी सासूबाईंना सगळं सांगायचे. त्यांना मी आत्या म्हणते. एका संध्याकाळी भाकरी करता करता म्हणाले, "आत्या, पानात हरितद्रव्य असतंय."

"द्रव्य?" आत्या सावरून बसल्या. "कुटं?"

"पानात, आतमंदी. आन् मग प्रकाश त्याच्यावर पडतो—"

"परकाश कोन?"

"प्रकाश. प्रकाशसंश्लेषण."

"हे आडनाव न्हाई ऐकलं कधी. कंच्या गावचा?"

"आत्या, त्यो मानूस न्हाई."

"दुसऱ्याच्या द्रव्यावर पडतो म्हंजी मानूस कसला! आन् पैसं तुझ्या पगारातनं कापत्यात? उद्याच्याला मी येती तुज्या सरांकडं."

आणि आल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पदर खोचून सरांपुढं उभ्या राहिल्या. "मास्तर, तुमच्या त्या परकाशला बलवा."

सरांना काय समजायचं ते क्षणात समजलं. त्यांचा चेहरा असा उजळला, जणू बोर्डात पहिला आलेला विद्यार्थी भेटला. त्यांनी हात जोडून वर आभाळाकडे केले. "तो काय, आलाय की. सकाळी येतो, संध्याकाळी जातो. पगार घेत नाही. माझी सगळी नर्सरी त्याच्या जिवावर आहे."

आत्यांनी वर पाहिलं, डोळ्यांवर हात धरला. जरा वेळानं म्हणाल्या, "आन् पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात खाडे करतो."

"समद्यांचं त्येच हाय," आत्या म्हणाल्या आणि बऱ्यापैकी समाधानानं घरी गेल्या. जाताना त्यांची सावली कोबीवर पडली. त्या दिवशी पहिल्यांदाच सर काही बोलले नाहीत.

सरांचा राग एकाच वाक्यावर होता. गिऱ्हाइकानं म्हणायचं, "सर, रोपांना खायला काय घालू? कुठलं खत?" की सर खुर्चीतून उठायचे. "खत म्हणजे मीठ! मीठ लागतंच, मीठ हवंच. पण नुसतं मीठ खाऊन तुम्ही किती दिवस काढाल? झाड जेवतं हवेतून. हवा, पाणी आणि ऊन. स्वतःचा स्वयंपाक स्वतः करतं, आणि तुम्ही त्याला भीक घातल्यासारखं विचारता, खायला काय घालू!" गिऱ्हाईक बिचारं खताचं नाव विचारायला आलेलं असायचं. ते शेवटी मंदाताई हळूच सांगायच्या.

मंदाताईंच्या भाताची गोष्ट मात्र सरांच्या अंगाशी आली. सरांनी एका भोपळ्याच्या पानावर काळ्या कागदाची पट्टी चिकटवून ठेवली होती. दोन दिवसांनी ते पान तोडलं, स्पिरिटमध्ये गरम करून त्याचा हिरवा रंग काढला आणि त्यावर जखमेला लावतात ते आयोडीन ओतलं. पान काळंनिळं झालं, फक्त पट्टीखालची जागा फिकी राहिली. "बघा," सर म्हणाले, "जिथं ऊन पोचलं तिथं पिठूळ, म्हणजे स्टार्च, साठलं. जिथं नाही, तिथं उपास." आम्ही माना हलवल्या. पण सरांचं समाधान होईना. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मंदाताईंचा डबा उघडा होता. आम्ही नको नको म्हणेपर्यंत त्यांनी त्यांच्या भातावर आयोडीनचे चार थेंब टाकले. पांढराशुभ्र भात शाईसारखा निळा झाला.

"तेच पिठूळ!" सर ओरडले. "मंदाताई, तुमच्या डब्यात ऊन आहे, ऊन!"

"व्हतं," मंदाताई म्हणाल्या. "आता काय हाय त्ये तुमीच खावा."

त्या दिवशी सरांचा डबा मंदाताईंनी खाल्ला. आत गुळाची पोळी होती. सर नुसत्या चहावर राहिले, आणि त्या शनिवारी माझा प्रश्न विचारताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. तरी मी गप्पच.

आणि एक दिवस असा आला की मी गप्प होते ते लाजेनं नाही. सरांकडे एक जुनं पितळी सूक्ष्मदर्शक होतं. विहिरीतल्या पाणगवताचं एक पान त्यांनी काचेवर ठेवलं आणि एकेकीला बोलावलं. बाकीच्या बघून गेल्या. मी डोळा लावला तर आधी नुसतं धुकं. मग सरांनी चाकी फिरवली आणि एकदम खोल्या दिसल्या. विटा रचाव्यात तशा खोल्याच खोल्या, आणि प्रत्येकीत हिरवे दाणे. आणि ते दाणे चालत होते. भिंतीच्या कडेकडेनं, सावकाश, खळ्यावर बैलांची पात फिरते तसे. कुणी हाकत नव्हतं. एवढ्या वर्षांत मी किती भाजी निवडली, किती पाला तोडला, आणि आत हे असं चाललेलं होतं.

"ते हिरवे दाणे म्हणजे हरितलवक," सर मागून म्हणाले. त्या दिवशी ते हळू बोलत होते. "एकेक दाणा म्हणजे एकेक स्वयंपाकघर. त्या दाण्याच्याही आत गेलीस तर आपल्या ट्रेसारख्या थप्प्या आहेत. एकावर एक चकत्या रचलेल्या. हरितद्रव्य त्या चकत्यांत. ऊन तिथं पकडतात. तिथं पाणी फोडतात आणि बॅटऱ्या भरतात. थप्प्यांच्या भोवती पातळ रस आहे, त्या रसात त्या भरलेल्या बॅटऱ्या नेऊन हवेतल्या कार्बनची साखर करतात. बॅटरी रिकामी झाली की परत थप्पीकडे, भरायला. आपल्या फवारणीच्या पंपासारखं. चार्जिंग एकीकडे, काम दुसरीकडे."

मी डोळा काढला नाही. मागं बायांची रांग खोळंबली होती. मंदाताई म्हणाल्या, "सर, ही आता आतच ऱ्हायला जाती बघा."

त्या आठवड्याचा प्रश्न अगदी सोपा होता. त्या दाण्यांचं नाव काय. शंभर गेले.

असे सदतीस शनिवार गेले. तीन हजार सातशे भरून झाले, अकराशे राहिले. गणपती जाऊन आठवडा झाला असेल. सरांचे चार दात एकदम काढावे लागले, आणि डॉक्टरांनी तोंडात बोळे भरून दोन दिवस बोलायचं नाही अशी ताकीद दिली. सर घरी थोडेच बसणार? गाल फुगवून, गळ्यात पाटी अडकवून नर्सरीत हजर. सावली पडली की पाटीवर खडूनं टकटक करायचे. नर्सरीत इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती.

शनिवार होता. पगार झाला आणि सर पाटीवर माझा प्रश्न लिहायला लागले, तेवढ्यात फाटकातून पिकअप आत आली. निरगुडसरचे भाऊ. आठवड्यापूर्वी ते परत आमच्याकडून टोमॅटोची रोपं घेऊन गेले होते. ते दोन्ही हातांत दोन ट्रे घेऊन उतरले आणि सरांच्या पुढ्यात आपटले.

"घ्या तुमची रोपं! दुसऱ्यांदा फसवलंत मला. पैशे परत द्या, न्हाईतर आत्ताच्या आत्ता फोटू काढून ग्रुपवर टाकतो. तुमच्या-माझ्या दोन्ही तालुक्यांत कोन दारात उभं ऱ्हायाचं न्हाई तुमच्या."

रोपं पिवळी पडली होती, लांबुळकी, माना टाकलेली. ती मान मी ओळखली. तशा माना मी एकदा स्वतःच्या हातानं केल्या होत्या.

सर भराभर पाटीवर लिहायला लागले. खडू मोडला. उरलेल्या तुकड्यानं लिहून पाटी भाऊंपुढं धरली.

"चष्मा घरी ऱ्हायला," भाऊ म्हणाले. "त्वांडानं बोला की!"

"दात काढल्यात त्येंचं," मंदाताई म्हणाल्या.

"मंग तुमी बोला!"

"मला रोपं इकता येत्यात. त्येंच्या पोटातलं म्हाईत न्हाई. हिला इचारा." आणि मंदाताईंनी माझ्या पाठीत असा हात घातला की मी दोन पावलं पुढं आले.

भाऊ माझ्याकडे बघायला लागले. सर माझ्याकडे बघायला लागले. पळायला पोत्यांची थप्पी सहा पावलांवर होती. पण सरांच्या त्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं आणि वाटलं, हा माणूस माझ्यासाठी एकदा मान खाली घालून उभा राहिला होता. आज तर त्याला बोलताही येत नाही.

"भाऊ," मी म्हणाले, "रोपं झाकून ठेवली व्हती का?"

"ठेवली की. पावसानं झोडपू नये म्हनून ताडपत्री टाकली. वावरात अजून चिखल, वापसा न्हाई, लावायची कुटं? पाच दिस झाकली. पोटच्या पोरावानी."

"आन् खायाला?"

"खत दिलं दोनदा. मापात."

"खत म्हंजी मीठ, भाऊ. पाच दिस तुमी त्यांना अंधारात कोंडून नुसतं मीठ चारलं."

भाऊंचं तोंड उघडंच राहिलं. माझंही राहिलं असतं, पण आता थांबले तर परत सुरू होणार नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून बोलत सुटले. "पान सोताचं जेवान सोता करतंय. पानात बारीक बारीक खोल्या असत्यात, खोलीत हिरवं दाणं असत्यात. मी बघितल्यात डोळ्यांनी, फिरत्यात ते. त्या दाण्यात आपल्या ट्रेवानी थप्प्या असत्यात. त्या थप्प्यांत उन्हावर बॅटऱ्या भरत्यात."

"बॅटऱ्या?"

"तुमच्या पंपाला हाय तशी. आन् त्या बॅटरीवर हवेतल्या कार्बनची साखर व्हती. हवा पानाच्या खालनं येती, बारीक त्वांडं असत्यात तिथं. ऊनच न्हाई तर बॅटरी भरत न्हाई. बॅटरी न्हाई तर साखर न्हाई. मंग रोप साठवलेलं खातंय. त्ये संपलं का उजेड हुडकायला मान लांब करतंय. म्हनून ही लांबलीत. वाढली न्हाईत भाऊ, हुडकत्यात."

भाऊंनी ट्रेकडे पाहिलं. आवाज जरा उतरला. "आन् पिवळी का पडली?"

"हिरवं टिकवायला बी ऊनच लागतंय."

"आन् हवेतला कार्बन घेतला, मंग ऱ्हायलेलं काय करतंय?"

"कार्बन ठिवून घेतंय आन् त्याच्यातला ऑक्सिजन सोडून देतंय. त्योच आपून घेतो."

तेवढ्यात सर एकदम हातवारे करायला लागले. पाण्याच्या कॅनकडे बोट दाखवून 'ऊं ऊं' करायला लागले. भाऊंनी घाईघाईनं ग्लास भरून त्यांच्या तोंडाला लावला. "घ्या सर, दमानं घ्या." सरांनी ग्लास ढकलला, पाणी सदऱ्यावर सांडलं. "ताप चढलाय वाटतं," भाऊ मंदाताईंना म्हणाले.

"जी अगदी पांढरी झालीत ती गेली," मी पुढं म्हणाले. "ज्यांत हिरवं शिल्लक हाय ती दोन-तीन दिस हळूहळू उन्हात आना. आन् लावताना खोल लावा. टोमॅटोच्या देठाला मुळ्या फुटत्यात, उभी ऱ्हातील." मग मी श्वास घेतला. "आन् भाऊ, हिवाळ्यात तुमची रोपं गेली ना, ती सरांनी न्हाई घालवली. ती मी घालवली. मी त्यांना मटकीवानी मोड आनले."

भाऊंनी टोपी काढून डोकं खाजवलं. "आन् मी ह्या मानसाला वरीसभर शिव्या घातल्या," ते म्हणाले. सरांकडे वळून हात जोडले. "सर, बोलला असतात तर!" मग त्यांनी दोन्ही ट्रे उचलले आणि पिकअपमध्ये ठेवले. या वेळी मागं नाही, पुढं काचेतून ऊन येत होतं तिथं, शेजारच्या सीटवर. पैशाचं नाव काढलं नाही.

पिकअप गेली. मी तिथंच खाली बसले. तेव्हा आमच्या लक्षात आलं की सर इतका वेळ पाटीवर रेघा मारत होते. त्यांनी पाटी आमच्याकडे फिरवली. दहा उभ्या रेघा, आणि एक फुली.

"धा बरूबर?" मंदाताईंनी विचारलं. "म्हंजी हजार माफ? पन आठवड्याला एकच ना?"

सरांनी पुसून लिहिलं, 'आजचा शनिवार मोठा होता.'

"आन् फुली कशाची?"

सरांनी परत पुसलं आणि ठळक लिहिलं, 'ऑक्सिजन पाण्यातून निघतो. हवेतून नाही.'

"आवं सर!" मंदाताई कडाडल्या. "तिनं तुमची अब्रू वाचवली दोन तालुक्यांत, आन् तुमी शंभर रुपयाला फुली मारता?"

सरांनी मान हलवली. फुली ती फुली.

"मंदाताई, सरांचं बरूबर हाय," मी म्हणाले. "थप्पीत पाणी फोडत्यात, त्यातनं निघतो त्यो. मी घाईत चुकले."

"हां! आता सांगितलं की बरूबर! सर, झालं, पुसा फुली!"

सरांनी खडूचा उरलेला तुकडा उचलला. 'प्रश्न एकदाच,' त्यांनी लिहिलं.

मंदाताई कपाळावर हात मारून निघून गेल्या. मला मात्र खूप बरं वाटलं. ती फुली त्यांनी पुसली असती तर त्या दहा रेघांवरही माझा विश्वास बसला नसता. मी पगाराच्या नोटांतून एक शंभराची काढली. एकच नोट, तिच्यात मोजायचं काय, तरी मी ती दोन्ही बाजूंनी पाहिली आणि सरांच्या हातात ठेवली. सरांनी ती वहीत ठेवली, माझ्या नावाच्या पानावर 'बाकी शून्य' असं लिहिलं आणि खाली पट्टी लावून सरळ रेघ मारली. चार हजार आठशे रुपये पूर्ण फिटले.